ज्याचा शब्द त्याचा

आधी धप्प असा आवाज झाला, लगेच लाकूड मोडल्याचा झाला, आणि माझ्या डोक्यात शब्द आला : क्रिसँथेमम. म्हणजे आपली शेवंती. आधी शब्द आला आणि मग माणूस दिसला, हे मला स्वतःशीसुद्धा कबूल करवत नाही, पण झालं ते असंच. मी पुढच्या खोलीच्या खिडकीत कॉफीचा कप धरून उभी होते. दुपार कलली होती, बर्फ पडून थांबलं होतं, आणि उताराच्या रस्त्यावर जिथे मिठाने बर्फ विरघळलं नव्हतं तिथे काचेसारखं चकचकत होतं. एक रुपेरी गाडी घरासमोरून घसरत पुढे गेली आणि थोडं खाली जाऊन थांबली. तिचे मागचे लाल दिवे लागलेले होते. आमच्या राज्यात गाडीला नंबराची पाटी फक्त मागेच असते, ती मला समोरच दिसत होती, आणि डोळ्यांना लहानपणापासून जी खोड आहे तेच त्यांनी केलं. पाटीवरची तीन इंग्रजी अक्षरं उचलली, त्यांचा शब्द केला, अक्षरं टाकून दिली. मग दिवे विझले, गाडी वळणावर दिसेनाशी झाली, आणि मी खाली बघितलं तर शेजारचे मिस्टर दुदाश रस्त्यात पडले होते. त्यांच्या एका पायातला बूट निघून गटारापाशी गेला होता. स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची, जी ते बर्फ उपसलेली गाडीची जागा राखायला रोज रस्त्यात मांडत, तिचे तुकडे त्यांच्या अंगावर होते. मी कप कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही. मोजे घातलेल्या पायांनीच धावले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, कुणीतरी अँब्युलन्सला फोन करा म्हणून ओरडले, आणि एवढं सगळं करत असताना डोक्याच्या मागच्या खोलीत कुणीतरी शांतपणे म्हणत होतं, तेरा अक्षरी आहे, वा, तेरा अक्षरी.

पोलिसातला पोरगा आला, ब्रॅनिगन त्याचं नाव. चेहऱ्यावर मिसरूड नीट फुटलेली नव्हती, पण वागायला सभ्य होता. "बाई, गाडीचा रंग सांगितलात, छान. पाटी दिसली का?" "दिसली." "मग?" "आठवत नाही." "एखादं अक्षर? एखादा आकडा? काहीही चालेल." मी मान हलवली. काय सांगणार होते त्याला? की समोर शेजारी मरायला टेकला होता आणि मी शब्दकोडं सोडवत होते? माझ्या मोज्यांना त्यांचं रक्त लागलेलं होतं. त्या पोराच्या तोंडावर मी 'क्रिसँथेमम' म्हटलं असतं तर त्याने मला पाणी प्यायला लावलं असतं आणि कुणा नातेवाइकाला बोलवू का म्हणून विचारलं असतं. मी गप्प बसले. लाज वाटली म्हणून गप्प बसले, दुसरं काही कारण नव्हतं. त्याने कार्ड दिलं, आठवलं की फोन करा म्हणाला, आणि ते मी फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं.

हा खेळ पप्पांचा. काचेच्या कारखान्यात आठवडाभर भट्टीपुढे उभं राहून त्यांना रविवारी गाडी चालवायचा उत्साह कुठून यायचा देव जाणे, पण रविवारी आम्ही आजीकडे निघायचो आणि पिट्सबर्गच्या हद्दीबाहेर पडायच्या आत ते पुढच्या गाडीची तीन अक्षरं मोठ्याने वाचायचे. ती तीन अक्षरं त्याच क्रमाने ज्यात येतात असा शब्द शोधायचा. मध्ये कितीही इतर अक्षरं घुसोत, पण क्रम मोडायचा नाही. ज्याचा शब्द लांब तो जिंकला. तिसरा लाल सिग्नल लागला की वेळ संपली. आणि पप्पांचा एक खास नियम होता, जो मी दुसऱ्या कुठल्या घरात ऐकला नाही. ज्याने शब्द काढला तो शब्द त्या अक्षरांपुरता त्याचा. जन्मभर त्याचा. पुन्हा तीच अक्षरं दिसली तर दुसऱ्याने तो वापरायचा नाही, आपला दुसरा शोधायचा. मम्मी कंटाळून म्हणायची, "अरे, जरा नदी बघा, झाडं बघा, मेल्यांनो!" पण आम्हाला कुठली झाडं दिसायला? माझा भाऊ ड्वेन माझ्याहून लहान, पण विजेसारखा. मी सावकाश. मला शब्द सापडायला दुसरा सिग्नल ओलांडून जावा लागायचा, आणि सापडला की तो आधीच हसत बसलेला असायचा. "लोरीची गाडी अजून पहिल्याच गिअरमध्ये," असं तो म्हणायचा आणि मी त्याला चिमटा काढायचे. मोठे झालो, लग्नं झाली, माझं मोडलं, त्याचं दोनदा मोडलं, पण एका गाडीत बसलो की हा खेळ सुरू. पप्पांचा शेवटचा आजार आला तेव्हा मात्र तो आला नाही. "लोरी आहे ना, लोरी बघेल," असं फोनवर म्हणाला. अंत्यविधीलाही आला नाही. पेटीला खांदा द्यायला मी मिस्टर दुदाशना बोलावलं. त्यानंतर मी ड्वेनचा फोन उचलणं बंद केलं, आणि पुढे त्याने करणंही बंद केलं.

मिस्टर दुदाश इस्पितळात होते तेवढे दिवस मी अक्षरं परत मिळवायच्या मागे लागले. भांडी घासताना, आंघोळ करताना, जिन्यावर मीठ टाकताना एकच उद्योग. तेरा अक्षरांच्या शब्दातून कुठलीही तीन उचला, पाटी तयार होते. सी-आर-एन असेल, वाय-ए-यू असेल, एस-टी-एम असेल. लावलेल्या दह्याचं परत दूध होत नाही, तसं शब्दातून अक्षरं परत येत नव्हती. दुदाशबाई इस्पितळातून परतताना माझ्याकडे थांबायच्या, कोट न काढताच टेबलापाशी बसायच्या. बुटक्या, गोल, हाताला कायम पिठाचा वास. एकदा त्यांनी सरळ विचारलं. "अगं लोरेटा, तू तर येता-जाता पाट्या वाचतेस. चर्चला जाताना डोकं खातेस माझं. त्या मेल्याची नाही वाचलीस होय?"

"वाचली."

"मग सांगत का नाहीस?"

"शब्द आठवतो. अक्षरं गेली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. पण त्या थकून म्हणाल्या, "मग तो शब्द नीट सांभाळून ठेव. बाकी कुणाकडे काही नाहीये." आणि कॉफी न पिताच उठून गेल्या. त्या रात्री मी झोपेत दात खात होते, सकाळी जबडा दुखत होता. पण खरी टोचणी निराळीच होती आणि ती हळूहळू वर येत होती. हा शब्द मला इतक्या पटकन आला कसा? लाल दिवे लागले आणि विझले, एवढ्यात मी, जिला दुसरा सिग्नल लागतो ती मी, तेरा अक्षरी शब्द काढते? शक्यच नाही. माझं डोकं माझ्या ओळखीचं आहे. ते असं चालत नाही.

मिस्टर दुदाश रविवारी गेले. त्यांना मातीत ठेवून आलो त्याच आठवड्यात गुरुवारी दुदाशबाई चर्चच्या तळघरात नेहमीच्या टेबलावर हजर. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झाला होता, शुक्रवारच्या विक्रीसाठी बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे पारीत बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, करायच्या होत्या, आणि आम्ही बायका दरवर्षी तिथेच असतो. कुणीतरी म्हणालं, "फिलोमिना, घरी जा ना, आराम कर." त्या म्हणाल्या, "घरी बसून काय भिंतींना पिरोगी खाऊ घालू?" आणि पुढची लाटी लाटायला घेतली. मी त्यांच्या शेजारी उभी राहून कडा चिमटीने मिटत होते. त्यांचे हात भराभर चालले होते. थोड्या वेळाने त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "तुझ्या घरासमोरची जागा तो का साफ करायचा माहितीय? आमची गाडी तर मागच्या गल्लीत असते." मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला काहीतरी उद्योग हवा. मी तसं म्हटलं. "उद्योग कसला! म्हणायचा, लोरेटाचा बाप गेला, भाऊ येत नाही, तिच्याकडे कधी कुणी आलंच तर गाडी लावायला जागा नको का. बर्फ उपसायचा आणि आमची खुर्ची ठेवायचा, दुसऱ्या कुणी गाडी घुसवू नये म्हणून. मी म्हणायचे, वेड्या, तिच्याकडे कोण येतंय? तर त्या दिवशी खिडकीतून बघतो तर एक गाडी हळूहळू येतेय, वळायचा दिवा लावलेला, तुझ्या घराकडे बघत बघत. तर काय खूश झाला! फिलोमिना, म्हणाला, लोरेटाकडे कुणीतरी आलंय गं, खुर्ची उचलतो. टोपी पण घातली नाही." त्यांनी पिरोगीची कड मिटली, पिठाचा हात अॅप्रनला पुसला आणि दुसरी घेतली. माझ्या हातातली फाटली आणि बटाटा बोटांवर आला.

घरी जाताना बसमध्ये मी खिडकीशी बसले होते आणि काही वाचत नव्हते, मुद्दाम मांडीकडे बघत होते. मांडीवर पिरोगींचा डबा होता, गरम, कापडात गुंडाळलेला. त्याच्या उबेने की वजनाने कोण जाणे, मला मांडीवरची कुंडी आठवली. मम्मीच्या कबरीवर ठेवायची पिवळ्या शेवंतीची कुंडी. मम्मी जाऊन वर्ष झालं होतं, पप्पा गाडी चालवत होते, हिरवी गाडी, पाटीसकट नवीनच घेतलेली. ड्वेन पुढे त्यांच्या शेजारी, मी मागे कुंडी घेऊन. पप्पा म्हणाले, "आपलीच पाटी घेऊ. एच, टी, एम. अजून कुणी तिचा शब्द काढला नाही." मी त्या दिवशी कधी नव्हे ते पहिली बोलले : हिप्पोपोटॅमस. बारा अक्षरी! पप्पांनी स्टिअरिंगवर थाप मारली. ड्वेन मागे वळला, त्याने माझ्याकडे बघितलं, मांडीकडे बघितलं, आणि तोंडभर हसून म्हणाला, "क्रिसँथेमम." तेरा. सी-एचमधला मुका एच त्याने बरोबर धरला, आणि जिंकला तो एका अक्षराने. मी ओरडले, "लबाडी आहे ही, कुंडी समोर होती!" पप्पा म्हणाले, "समोर तर तुझ्याही होती, लोरी, मांडीवर होती." आम्ही हसत हसत दफनभूमीत शिरलो आणि तिथल्या माळ्याने रागाने बघितलं. तेव्हापासून त्या पाटीचं आमच्या घरात तेच नाव पडलं. तो शब्द मी खिडकीत उभी राहून शोधलाच नव्हता. तो आधीपासून तिथे होता, आणि माझा नव्हता. तो ड्वेनचा होता.

हिरवी गाडी केव्हाच भंगारात गेली. पण आमच्याकडे पाटी गाडीची नसते, माणसाची असते. गाडी मोडीत काढली तरी पाटी उतरवून ठेवतात, नव्या गाडीला लावतात, बापाची मुलालाही घेता येते. पप्पांची नजर गेली तेव्हा त्यांनी आपली पाटी ड्वेनच्या नावावर करून दिली होती. मला वाईट वाटलं होतं त्याचं, आठवतंय. मी माझा थांबा चुकवून दोन थांबे पुढे गेले आणि बर्फातून उलट चालत आले.

ड्वेनला फोन मी कोट अंगात असतानाच केला. तिकडे टीव्हीचा आवाज होता.

"लोरी? लोरी, तू?"

"एच, टी, एम," मी म्हटलं.

टीव्ही बंद झाला. त्याने तिकडे एक दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटलं, खुर्ची. आईशप्पथ लोरी, मला वाटलं, खुर्चीच मोडली."

"खुर्ची मोडली तर माणूस उतरून माफी मागतो."

"दुसऱ्याची खुर्ची मोडून? आपल्या गल्लीत? सोलून काढलं असतं मला. तुला माहिती नाही का लोक कसे आहेत?"

हे खरं होतं. आमच्या गल्लीत माणसं खुर्चीवरून एकमेकांची तोंडं बघणं सोडतात. क्षणभर मला ते इतकं हवंहवंसं वाटलं की मी भिंतीला टेकले. खुर्चीच. बिचाऱ्याला वाटलं खुर्चीच. "तू थांबला होतास," मी म्हटलं. "मी पाटी वाचेपर्यंत थांबला होतास. आणि थांबलेल्या माणसाला आरशात मागचा रस्ता दिसतो."

"चाक घसरलं," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी तुझ्याकडे बघत होतो. तू खिडकीत होतीस, कप घेऊन. मी म्हटलं, आहे, घरी आहे. आणि तेवढ्यात... मग खाली वळताना आरशात बघितलं तर तू धावत येत होतीस. मी म्हटलं, लोरी आहे ना."

"लोरी बघेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गेले ते. रविवारी. पप्पांच्या पेटीला तुझ्या जागी त्यांनी खांदा दिला होता."

तो रडायला लागला. लहानपणी गाडीत उलटी यायच्या आधी रडायचा तसा, नाकातून. मला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, त्याच वेळी त्याच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. "कशाला आला होतास?" मी विचारलं. "इतक्या दिवसांनी? कशाला तडफडलास इकडे?"

"गाडी दाखवायला. नवी घेतली. पप्पांची पाटी लावलीय. म्हटलं, तू बघशील आणि हसशील." मग एकदम घाईने, "तू कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"दुसऱ्या कुणी बघितलेलं नाही ना? लोरी, ऐक. परत मिळणारेत का ते? मला आत टाकतील. या वयात. तुला माझ्याशिवाय आहे कोण?" आणि दम न घेताच तो म्हणाला, आणि तो मुळीच थट्टा करत नव्हता, "तो शब्द माझाय. पप्पांचा नियम आहे. तुला तो वापरता येत नाही."

मी फोन ठेवला. रात्रभर कोट काढला नाही. खुर्चीत बसून मी माझ्याच बाजूने आणि माझ्याच विरुद्ध वाद घालत होते. तीन अक्षरं फक्त माझ्या डोक्यात होती. मी विसरले असं सगळ्यांना आधीच सांगून झालं होतं, खोटंही नव्याने बोलावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. दुदाशबाई थकल्या आहेत, त्या मला परत विचारणार नाहीत. ड्वेन फोन करील, दर रविवारी करील, भीतीने का होईना. आपलं असं माणूस मला परत मिळेल. एवढं सोपं होतं ते. आणि मला ते हवं होतं, हे मी आता का लपवू? मला भाऊ हवा होता.

उजाडता उजाडता फावड्याचा आवाज आला. रात्री पुन्हा पडलं होतं. मी खिडकीशी गेले. खाली दुदाशबाई माझ्या घरासमोरची जागा उपसत होत्या. नवऱ्याचा कोट घातला होता, तो त्यांच्या घोट्यापर्यंत येत होता. दर फावड्याला थांबत होत्या, दम खात होत्या, पुन्हा वाकत होत्या. जागा मोकळी झाल्यावर त्या घरात गेल्या आणि खुर्ची घेऊन आल्या. मोडलेल्या खुर्चीची जोडीदार. त्यांच्या टेबलाला दोनच खुर्च्या होत्या. ती त्यांनी नेमकी मधोमध ठेवली, हातमोज्याने बैठक झाडली, आणि वर बघितलं. मी खिडकीत आहे हे त्यांना ठाऊक असावं. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं आणि हात हलवला, आता कुणी आलं तर येऊ दे, अशा अर्थाचा.

मी फ्रिजवरचं कार्ड काढलं. ब्रॅनिगन झोपेतून उठल्यासारखा बोलला, पण माझं नाव ऐकून जागा झाला. "आठवलं?"

"हो."

"एकदम कसं आठवलं?"

"लहानपणचा खेळ आहे. पाटीवरच्या अक्षरांचा लांब शब्द करायचा. शब्द लक्षात राहतो."

"अच्छा," तो म्हणाला, आणि कागद ओढल्याचा आवाज आला. "काय शब्द केला होतात?"

मी डोळे मिटले. कुंडी मांडीवर होती, पप्पा स्टिअरिंगवर थाप मारत होते, पुढच्या सीटवर तो अजून वळायचा होता. "हिप्पोपोटॅमस," मी म्हटलं.

पोराला हसू आलं, त्याने ते खोकल्यात दाबलं. "बरं. ह्यातली कुठली अक्षरं?"

"एच. टी. एम."

त्याने ती एकेक करून परत म्हटली आणि थांबला. "आणि आकडे?"

"आकडे आम्ही कधी वाचलेच नाहीत."

"आम्ही?" तो म्हणाला. "आम्ही म्हणजे कोण, बाई?"

मी सांगितलं.